भाड्याने न मिळणाऱ्या खोलीचे परीक्षण

कॅलिफोर्नियातील अनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये न्यू ऑर्लीन्स स्क्वेअर नावाचा भाग आहे. तेथे ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या सफरीच्या दारासमोर उभे राहून मान वर केली, की सज्ज्याच्या लोखंडी कठड्यात डब्ल्यू. डी. आणि आर. डी. ही अक्षरे नक्षीत गुंफलेली दिसतात. पहिली वॉल्ट डिस्नेची आणि दुसरी त्याचा थोरला भाऊ रॉय याची. या सज्ज्यामागे दोन शयनगृहांचे, एका बैठकीच्या खोलीचे आणि मधल्या लहानशा अंगणाचे एक घर आहे. उद्यानाच्या ऐन मध्यात असूनही ते आरक्षणाच्या कोणत्याही पानावर सापडत नाही. पैसे मोजून तेथे रात्र काढण्याची सोय कधीच नव्हती आणि आजही नाही.

आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात राहणारे लोक पाहुण्यांना डिस्नेलँड दाखवण्याचे काम पौरोहित्याइतक्या नियमितपणे करतो, आणि प्रत्येक खेपेला कोणीतरी या सज्ज्याकडे बोट दाखवून तोच प्रश्न विचारतो: पाण्याच्या बाटलीपासून पार्किंगपर्यंत सगळ्याचे पैसे घेणारी ही कंपनी ही एवढी खोली भाड्याने का देत नाही? ज्या खोलीत आपण झोपलो नाही तिचे परीक्षण लिहू नये हा संकेत मला मान्य आहे. परंतु या जागेत मी एकदा उभा राहिलेलो आहे, खोल्या भाड्याने देण्याच्या धंद्यात माझे बालपण गेले आहे, आणि यंदा वडिलांना घेऊन गेलो तेव्हा या प्रश्नाचा आम्ही दोन दिवस काथ्याकूट केला. एवढ्या भांडवलावर हा लेख आहे.

उद्यानात मुक्काम करण्याची कल्पना मालकापासूनच सुरू झाली. १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले तेव्हा मेन स्ट्रीटवरील अग्निशमन केंद्राच्या माडीवर वॉल्टने स्वतःसाठी एक छोटी खोली सजवून घेतली होती, आणि तो व त्याची पत्नी लिलियन तेथे मुक्कामाला येत असत. त्या खिडकीत आजही एक दिवा तेवत ठेवलेला असतो. ही माडी दोन माणसांना पुरेशी असली तरी पाहुण्यांची उठबस करण्यास अपुरी होती, म्हणून १९६६ मध्ये उघडलेल्या न्यू ऑर्लीन्स स्क्वेअरमध्ये दोघा भावांच्या कुटुंबांसाठी मोठे घर योजले गेले. हॉलिवूडमध्ये चित्रपटांच्या दृश्यांची रेखाटने करण्यात नाव मिळवलेल्या डोरोथिया रेडमंड हिने त्याच्या अंतर्भागाची जलरंगातील चित्रे तयार केली. १५ डिसेंबर १९६६ रोजी वॉल्टचे निधन झाले, खालची सफर १८ मार्च १९६७ रोजी सुरू झाली, आणि वरच्या घराचे काम रॉयने थांबवले. कठड्यातील अक्षरे मात्र तशीच राहिली. ज्यांच्यासाठी ते घर बांधले त्यांच्यापैकी कोणीही तेथे राहिले नाही.

पुढची वीस वर्षे ही जागा कचेरीसारखी वापरली गेली, आणि १९८७ मध्ये तिचे ‘डिस्ने गॅलरी’ झाले. उद्यानाच्या रचनाकारांची मूळ रेखाटने, आराखडे आणि चित्रे तेथे मांडलेली असत, आणि उद्यानाचे तिकीट काढलेला कोणीही माणूस जिना चढून आत जाऊ शकत असे. २००५ च्या हिवाळ्यात विद्यार्थी असताना मी तो जिना चढलो आहे. आम्ही चौघे मित्र होतो, खिशात परतीच्या बसचे पैसे मोजून ठेवलेले होते, आणि आत शिरण्याचे खरे कारण कलाप्रेम नसून बसायला जागा मिळेल ही आशा होती. मधल्या अंगणात खुर्च्या होत्या. खालून सफरीतल्या समुद्री चाच्यांचे गाणे आणि पाण्याचा आवाज दबका होऊन वर येत होता, सज्ज्यातून उद्यानातली कृत्रिम नदी दिसत होती, आणि जवळजवळ पाऊण तास आम्हाला कोणीही उठवले नाही. त्या जागेची किंमत मला त्या पाऊण तासात कळली, आणि पुढे जे झाले त्याकडे मी त्याच नजरेने पाहतो, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

ऑगस्ट २००७ मध्ये गॅलरी बंद झाली. कंपनीचे ‘मिलियन ड्रीम्स’चे, म्हणजे पाहुण्यांना अवचित बक्षिसे वाटण्याचे, वर्ष तेव्हा चालू होते. ऑक्टोबर २००६ मध्ये सुरू झालेले हे ‘वर्ष’ लांबत लांबत २००८ अखेरपर्यंत चालले, यातच त्याचे यश कळावे. त्या उपक्रमासाठी रेडमंडच्या जुन्या चित्रांच्या आधारे ही जागा नव्याने सजवण्यात आली, आणि २००८ च्या जानेवारीअखेर ती ‘डिस्नेलँड ड्रीम सूट’ म्हणून उघडली. एका शयनगृहात छताजवळच्या रुळावरून खेळण्यातली आगगाडी धावते, तर अंगणात कळ दाबली की काजवे चमकू लागतात. प्रत्येक खोलीत झोपण्यापूर्वीची अशी एखादी करामत लपवलेली आहे. ही खोली रोज चिठ्ठीने निवडलेल्या एका कुटुंबाला एका रात्रीसाठी फुकट दिली जात असे. ज्या बाईने १९६६ मध्ये ही खोली कागदावर रंगवली होती, तिला कंपनीने २००८ मध्येच आपल्या सर्वोच्च सन्मानाने गौरवले. या सगळ्या हकिगतीत मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट हीच आहे.

फ्लोरिडातील मॅजिक किंगडममध्ये याची जुळी बहीण आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलेल्या त्या उद्यानातील १८९ फूट उंचीच्या सिंड्रेला कॅसलमध्ये डिस्ने कुटुंबासाठी ठेवलेली जागा कित्येक वर्षे अपुरी पडून होती, आणि त्याच उपक्रमात तिचा सुमारे साडेसहाशे चौरस फुटांचा मुक्कामाचा कक्ष झाला. रंगीत काचांच्या खिडक्या, छत्रीचे पलंग, आरशामागे दडवलेला दूरदर्शन संच आणि बारा वाजायला एक मिनिट असताना थांबलेले घड्याळ, असा त्याचा थाट आहे. ती खोलीही भाड्याने मिळत नाही. स्पर्धेतील विजेते, धर्मादाय कामासाठी निवडलेली मुले आणि कंपनीचे खास पाहुणे यांनाच ती मिळते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. समजा उद्या ही खोली भाड्याने मिळू लागली, तर ग्राहकाच्या पदरात नेमके काय पडेल? लोकांच्या मनातले चित्र असे असते, की दारे बंद झाल्यावर सारे उद्यान आपलेच, मुले अनवाणी पायांनी मेन स्ट्रीटवर धावत आहेत आणि किल्ल्यासमोर दुसरे चिटपाखरूही नाही. हे घडू शकत नाही, आणि त्याचे कारण कंपनीचा कंजूषपणा नाही. बंद उद्यान हे रात्री कारखाना असते. रस्ते पाण्याच्या फवाऱ्याने धुतले जातात, रुळांची पायी चालत तपासणी होते, रंगारी, माळी, सुतार आणि विजेचे काम करणारे यांच्या तुकड्या कामाला लागतात, दिव्यांचे मनोरे उभे राहतात आणि सामानाच्या गाड्या मागेपुढे होतात. उंदरांचा बंदोबस्त करणारी डिस्नेलँडची प्रसिद्ध मांजरे तेवढी निवांत हिंडतात. अशा जागी भाडेकरूच्या मुलाला मोकळे सोडण्यास कोणताही विमा तयार होणार नाही. म्हणजे पाहुण्याला खोलीबाहेर पडायचे असेल तर सोबतीला माणूस लागेल, आणि प्रत्यक्षात ग्राहक विकत घेईल ती सुंदर सजवलेली, बाहेरून पहारा असलेली एक माडी.

हे केवळ अनुमान म्हणून लिहिलेले नाही. शेजारच्या ग्रँड कॅलिफोर्नियन हॉटेलात आम्ही एक रात्र काढली. २००१ मध्ये उघडलेल्या या हॉटेलाला दुसऱ्या उद्यानात, म्हणजे कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरमध्ये, थेट शिरणारे स्वतःचे फाटक आहे आणि काही खोल्यांच्या सज्ज्यांतून त्या उद्यानाचा भाग दिसतो. खोली नीटस, लाकूडकाम देखणे, सेवा तत्पर, आणि दर छातीत धडकी भरवणारा, एवढे त्याचे परीक्षण पुरे. वडील भारतातून येऊन तीनच दिवस झाले होते, त्यामुळे रात्री दोनला ते टक्क जागे होते. त्यांनी मला उठवून सज्ज्यात नेले. खाली दोन माणसे जाड नळीने वाट धूत होती, त्यांच्यामागे एक जण वाकून बाकाच्या पायाखालचे काहीतरी खरवडून काढत होता, आणि पलीकडे एका वाफ्यातली दिवसभर टवटवीत दिसलेली फुलझाडे कुंड्यांसकट उचलली जाऊन तेथे दुसरी बसत होती. बाबा अर्धा तास कठड्यावर हात टेकून पाहत राहिले आणि मग म्हणाले, “तो बाक त्यानं खालनं पुसला, बघितलास का? वरनं सगळेच पुसतात.” उद्यानाविषयी त्यांनी काढलेले हे पहिले कौतुकाचे उद्गार होते.

बाबांचा अधिकार सांगणे येथे आवश्यक आहे. पाचगणीत आमचे अकरा खोल्यांचे लॉज होते आणि ते त्यांनी तीस वर्षे चालवले. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातील खोली सर्वांत चांगली होती, कारण तिच्या खिडकीतून कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी दिसे. ती दरपत्रकात नव्हती. शाळेच्या सहलीबरोबर आलेले शिक्षक, आत्याचे व्याही, एकदा तर घाटात गाडी बंद पडलेले एक म्हातारे जोडपे, अशा लोकांना ती मिळे आणि त्यांच्याकडून बाबा पैसे घेत नसत. त्या खोलीविषयी एकही तक्रार कधी आली नाही. उलट पुढच्या वर्षी कोणाकडून आंब्यांची पेटी येई, कोणाकडून लग्नाची पत्रिका. मग एका मे महिन्यात, गर्दी उसळलेली पाहून, माझ्या काकांच्या आग्रहाने ती खोली दुप्पट दराने लावली गेली. तक्रारवहीची त्या हंगामातली पाने मला अजून आठवतात. गीझरला वेळ लागतो, खिडकीवर माकडे येतात, जिना अंधारा आहे, आणि एका सद्‌गृहस्थांनी सुवाच्य अक्षरात लिहिले होते की सकाळी दरीत धुके असल्याने देखावा दिसला नाही, सबब अर्धे भाडे परत मिळावे. खोली तीच होती, माकडेही तीच होती. जून लागताच बाबांनी ती पुन्हा दरपत्रकातून काढली.

“धर्माची गाय आणि दात का नाय, असं कुणी म्हणत नाही,” असे ते या प्रसंगाबद्दल सांगतात, “पण बाजारात आणलीस की गिऱ्हाईक पहिलं तोंडच उघडून बघणार.” सज्ज्यामागच्या खोलीविषयी मला जे म्हणायचे आहे ते सारे या वाक्यात आले आहे. चिठ्ठीत नाव निघालेल्या कुटुंबाला काजव्यांची कळ हा चमत्कार वाटतो. पंधरा-वीस हजार डॉलर मोजलेल्या कुटुंबाला तीच गोष्ट बागेत लावतात तशा दिव्यांची माळ वाटेल, खालच्या रांगेचा कलकलाट त्रासदायक वाटेल, रात्री नळीचा आवाज झोपमोड करील, आणि सकाळी उद्यान उघडण्याआधी खोली रिकामी करण्याची सूचना म्हणजे अपमान वाटेल. त्या ग्राहकाचे चुकले असे मी म्हणणार नाही, कारण पैसे मोजणाऱ्याला दात मोजण्याचा हक्क असतोच. परंतु या खोलीचे दात मोजू लागल्यास ते थोडेच भरतील. साधारण बावीसशे चौरस फुटांचे, पोहण्याचा तलाव नसलेले, खाली दिवसभर जत्रा भरलेले घर, एवढेच तिचे वर्णन उरते.

यावर सर्वांत बळकट प्रतिवाद असा आहे, की कंपनीने ही जागा बाजारात आणलेलीच आहे. २०१७ मध्ये याच घरात, त्याच्या पत्त्यावरून नाव घेतलेली ‘ट्वेंटीवन रॉयल’ ही खाजगी भोजनसेवा सुरू झाली. तिचा सुरुवातीचा दर एका संध्याकाळचे १५,००० डॉलर असा होता. त्यात बारापर्यंत पाहुणे, अनेक पदार्थांचे साग्रसंगीत जेवण, उद्यानाचा प्रवेश आणि सज्ज्यातून दिसणारा नदीवरचा रात्रीचा खेळ हे सारे येते. माणशी साडेबाराशे डॉलर झाले. शेजारी १९६७ पासून चालत आलेला ‘क्लब थर्टीथ्री’ हा जेवणाचा खाजगी क्लब आहेच, जेथे सभासदत्वासाठी लोक वर्षानुवर्षे वाट पाहतात. मग जेवण विकले तर अंथरुण विकण्यात काय पाप आहे, असे कोणी विचारल्यास मला क्षणभर थांबावे लागते. नीतीच्या दृष्टीने काहीच फरक नाही. मला विचाराल तर भोजनसेवेलाही ती जागा द्यायला नको होती, कारण त्यासाठी जे गमावले गेले ते चिठ्ठीचे बक्षीस एवढेच नव्हते. त्याआधीची ती गॅलरी गेली, ते अंगण गेले, आणि बसच्या पैशांचा हिशोब करणाऱ्या चार विद्यार्थ्यांचा जिना गेला. तरीही व्यवहाराच्या दृष्टीने फरक आहे. जेवण तीन-चार तासांत संपते, आणि ते उद्यान रंगात असताना होते. स्वयंपाकी आणि वाढपी जे कौशल्य दाखवतात त्याचा दर्जा मोजता येतो. रात्र हा माल वेगळा आहे. तिचे बहुतेक तास ग्राहक झोपलेला असतो, आणि जागा राहिलाच तर त्याच्या नजरेस बाकाखालची साफसफाई पडते.

पैशांचा हिशोबही करून पाहिला. त्याच १५,००० डॉलरच्या दराने ही खोली वर्षातील ३६५ रात्री भरली असे धरले तर सुमारे ५५ लाख डॉलर जमा होतात. गर्दीच्या दिवशी एका दिवसाचे तिकीट २०० डॉलरच्या वर जाते, म्हणजे एक रात्र सुमारे ७५ तिकिटांबरोबर झाली आणि वर्षाची रक्कम २७ हजारांच्या आसपास तिकिटांबरोबर. या उद्यानात वर्षाकाठी दीड कोटीहून अधिक माणसे येतात. हजारामागे दोन तिकिटांएवढीही भर न घालणाऱ्या रकमेसाठी त्या दीड कोटींच्या डोक्यावर, अगदी रांगेतून दिसेल अशा ठिकाणी, रोज एक भाडेकरू कठड्याला टेकून उभा करायचा, हा सौदा बाबांनी तर ताबडतोब नाकारला असता. आमच्या लॉजचा हिशोब याच्याहून किरकोळ होता, पण कोणत्या खोलीमुळे बाकीच्या दहा खोल्या भरतात हे त्यांना बरोबर कळत असे.

चिठ्ठीची पद्धत तरी निर्मळ आहे का? पूर्णपणे नाही. अमेरिकेच्या कायद्यात बक्षीस, नशीब आणि मोबदला हे तिन्ही एकत्र आले की ती लॉटरी ठरते आणि खाजगी कंपनीला ती चालवता येत नाही, म्हणून अशा प्रत्येक सोडतीत ‘खरेदीची आवश्यकता नाही’ हे वाक्य टाकून फुकट भाग घेण्याची वाट ठेवलेली असते. प्रत्यक्षात त्या आशेवर तिकिटे खपतात, हे न कळण्याइतके आपण दुधखुळे नाही. शिवाय कोणत्या रात्री विजेता झोपला आणि कोणत्या रात्री कंपनीचा खास पाहुणा, हे बाहेरच्यांना समजत नाही. बाबांनी येथे तीर्थक्षेत्रातील सशुल्क दर्शनाचा विषय काढला. पैसे देऊन रांग टाळणे त्यांना पूर्वी खटकत असे, आता गुडघे दुखू लागल्यापासून खटकत नाही, अशी कबुली त्यांनी स्वतःच दिली. “पण शेजारती झाल्यावर गाभाऱ्यात कुणी खाट टाकत नाही,” असे पुढे म्हणून त्यांनी विषय मिटवला. एका मनोरंजनाच्या बागेला गाभाऱ्याची उपमा देणे मला जरा जड वाटले, आणि तसे मी बोलूनही दाखवले. परंतु वॉल्टच्या माडीवरील खिडकीत दिवा तेवत ठेवणाऱ्यांना ती बहुधा जड वाटणार नाही.

उद्यानात रात्र काढण्याची इच्छा वावगी आहे असे कोणी समजू नये. ती इतकी स्वाभाविक आहे, की ज्यांनी तिची नीट सोय केली त्यांचा धंदा उत्तम चालला. टोकियो डिस्नेसी हे उद्यान ४ सप्टेंबर २००१ रोजी उघडले तेच ‘मिराकोस्टा’ या हॉटेलसह. पाचशेहून अधिक खोल्यांचे हे हॉटेल उद्यानाच्या बंदरावर अशा रीतीने बांधलेले आहे, की त्याची पुढची बाजू हाच बंदरातील इटालियन गावाचा देखावा आहे, आणि त्या बाजूच्या खोल्यांतून उद्यान थेट पायाशी दिसते. पॅरिसमध्ये १२ एप्रिल १९९२ रोजी उघडलेले ‘डिस्नेलँड हॉटेल’ तर उद्यानाच्या प्रवेशद्वारावरच चढवलेले आहे, तिकीट काढून येणारा प्रत्येक माणूस त्याच्याखालूनच आत जातो. दोन्ही ठिकाणी दर चढे आहेत. तरीही तेथे कोणाला कोणाचा हेवा वाटण्याचे कारण उरत नाही, कारण शेकडो खिडक्यांपैकी एकीत उभा असलेला माणूस देखाव्याचा भाग होऊन जातो. खोलीची हवा कोठे सोडायची, सामान कोठून न्यायचे, रात्रीचा गोंगाट किती आत येऊ द्यायचा, हेही मुळात हॉटेल म्हणून बांधलेल्या इमारतीत आधी ठरलेले असते. आमच्या इमॅजिकाने खोपोलीजवळ याहून सोपा मार्ग धरला आणि हॉटेल उद्यानाच्या शेजारी बांधले, आत नाही.

नेमकी उलटी कथा फ्लोरिडातील डिस्नेच्याच ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ची. १ मार्च २०२२ रोजी सुरू झालेल्या या शंभर खोल्यांच्या मुक्कामात पाहुण्याला दोन रात्री अवकाशयानात बसवून कथेतले पात्र केले जाई, आणि दोघांचा दर सुमारे ४,८०० डॉलरपासून सुरू होई. जे राहिले त्यांच्यातील पुष्कळांनी नटांच्या कामाची तोंड भरून स्तुती केली. जे राहिले नाहीत त्यांनी खिडकी नसलेल्या लहान खोल्यांचे फोटो पाहून दराशी भागाकार केला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये, दीड वर्षाच्या आसपास चालून, ते बंद पडले. कल्पकता अव्वल असूनही दरपत्रकाने तिला गिळले. ही चूक तेथे शंभर खोल्यांची होती, म्हणून निदान हिशोब मांडण्यासारखी तरी होती. एका खोलीसाठी ती पुन्हा करण्याचे काही कारण दिसत नाही.

म्हणून माझे मत असे, की सज्ज्यामागचे घर रात्रीसाठी भाड्याने देऊ नये, कितीही दर मिळत असला तरी देऊ नये. ते चिठ्ठीनेच द्यावे, आणि सोडत उघड्यावर करावी. संध्याकाळी पाच वाजता मेन स्ट्रीटच्या चौकात, त्या दिवशी उद्यानात हजर असलेल्यांमधून नाव काढले, तर कोणाला मिळाले हे सर्वांना दिसेल आणि खास पाहुण्यांचा संशयही उरणार नाही. कायद्याने लागणारी फुकट भाग घेण्याची वाट त्यात कशी बसवायची हे कंपनीच्या वकिलांनी पाहावे, त्यासाठीच त्यांना पगार मिळतो. आणि सकाळी अकरा ते संध्याकाळी चार या वेळात, जेव्हा कोणीच तेथे झोपलेले नसते, तेव्हा निदान अंगण तरी लोकांना पुन्हा उघडे करावे. ही दुसरी मागणी मान्य होण्याची शक्यता मला अजिबात वाटत नाही, तरीही लिहून ठेवतो.

ज्यांना येथील रात्र विकतच घ्यायची आहे त्यांच्यासाठी त्याच इमारतीत, त्या घराच्या खालच्या अंगाला, ‘ब्लू बायू’ नावाचे उपाहारगृह १९६७ पासून चालू आहे. बाहेर कितीही ऊन असो, आत कायम रात्र असते. छताच्या जागी गडद आकाश, पाण्यावर लटकलेले कंदील, झुडपांत काजवे, आणि टेबलांच्या कडेने सफरीच्या होड्या चाच्यांकडे निघालेल्या. जागा आधी राखून ठेवावी लागते आणि बिल जड येते, पण ते अजून सामान्य कुटुंबाच्या वर्षातून एकदाच्या चैनीत बसते. पदार्थ बरे आहेत. चव लक्षात राहील असे काही नाही, आणि शाकाहारी माणसाने आधी चौकशी करून जावे. वाढणाऱ्या बाईंनी मात्र बाबांना वेळ दिला, घाई केली नाही, आणि पाण्याकडेचे टेबल मिळवून दिले.

भर दुपारी दीड वाजता आम्ही तेथे बसलो होतो. बाबांनी आधी काजवे मोजण्याचा प्रयत्न केला, मग होडीतून जाणाऱ्या एका लहान मुलीला हात हलवून दाखवला, आणि तिनेही हात हलवला. “वरचं घर ते हेच ना, ह्याच्या वर?” त्यांनी विचारले. मी होकार दिला. त्यांनी छताकडे, म्हणजे आकाशाकडे, एकदा पाहिले आणि खिशातून फोन काढला. मला वाटले फोटो काढणार. त्यांनी टॉर्च लावली आणि मेन्यूकार्डावर धरून पहिल्या पदार्थाचा दर वाचला.